प्रेमविषयक सुनीत कसे रचावे : बंध, वृत्त आणि यमक यांचा क्रमवार विचार

सुनीत, म्हणजे ‘सॉनेट’ ही चौदा ओळींची कविता, लिहू पाहणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात, आणि ते ठिकाण वृत्ताचे किंवा यमकाचे नसून क्रमाचे असते. मनात प्रेमाची एखादी ओळ येते, ती कागदावर उतरते, तिला यमक जुळवून दुसरी ओळ येते आणि असे करत चौदा ओळी झाल्या की त्याखाली ‘सुनीत’ असे लिहिले जाते. त्या चौदा ओळींत वृत्त निर्दोष असले, तरी सातव्या ओळीनंतर कविता थांबवली असती तर काहीही बिघडले नसते, असे वाचणाऱ्याला वाटते. सुनीताला चौदा ओळी लागतात त्या एका विचाराचे वळण पुरे करण्यासाठी. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. विशेषतः पाचव्या टप्प्याच्या आधी एकही ओळ वृत्तात लिहू नये.

खाली उदाहरणादाखल दिलेल्या ओळी या लेखासाठीच रचल्या आहेत. ‘ल’ म्हणजे लघू अक्षर आणि ‘गा’ म्हणजे गुरू अक्षर, अशी खूण सर्वत्र वापरली आहे.

१. पूर्वतयारी : आधी गद्य, मग पद्य

कोरा कागद घ्यावा आणि तीन वाक्ये साध्या गद्यात लिहावीत. पहिल्या वाक्यात प्रसंग असावा, दुसऱ्यात तक्रार, शंका किंवा ओढ असावी आणि तिसऱ्यात त्या तक्रारीला छेद देणारी गोष्ट असावी. आपल्या उदाहरणासाठी ही तीन वाक्ये अशी आहेत : मी रोज उशिरा परततो आणि तू माझ्याशी फार बोलत नाहीस. तुझ्या तोंडून प्रेमाचा एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून मी झुरतो. पण मी येईपर्यंत तू दारातला दिवा कधीच विझवत नाहीस, आणि मला हवा असलेला शब्द तोच आहे.

यातले तिसरे वाक्य म्हणजे कलाटणी. ती गद्यात सांगता येत नसेल तर पद्यातही सांगता येणार नाही; वृत्ताच्या नादामुळे ती आहे असा भास मात्र होईल. ‘तू फार सुंदर आहेस, तुझे डोळे सुंदर आहेत, म्हणून मी तुझ्यावर प्रेम करतो’ या तीन वाक्यांत कलाटणी नाही, कारण तिसरे वाक्य पहिल्या दोघांच्याच दिशेने जाते. असा विषय गीताला चालेल, पण सुनीताला तो पुरत नाही.

तपासणी : तिसऱ्या वाक्याच्या आरंभी ‘पण’, ‘तरीही’, ‘म्हणूनच’ किंवा ‘आता कळते’ यांपैकी काही स्वाभाविकपणे येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यात ठरवावी. कविता कोणाला उद्देशून आहे? ‘तू’ असे संबोधन घेतले तर चौदाही ओळींत तेच ठेवावे. आठव्या ओळीपर्यंत ‘तू’ आणि नवव्या ओळीपासून ‘ती’ किंवा ‘तो’ असा बदल नकळत होतो, आणि प्रेमकवितेतली जवळीक तिथेच तुटते.

२. बंध निवडणे

सुनीताचे दोन बंध, म्हणजे ओळींच्या आणि यमकांच्या मांडणीचे दोन साचे, नवशिक्याला पुरेसे आहेत. यमकांच्या जागा दाखवण्यासाठी अक्षरे वापरू. ज्या ओळींना एकच अक्षर आहे त्या ओळींचे यमक एक.

इटालियन कवी पेट्रार्क याच्या पद्धतीत आठ ओळींचे अष्टक आणि सहा ओळींचे षटक असते. अष्टकाची यमके क ख ख क, क ख ख क अशी येतात. षटकाची ग घ ग घ ग घ किंवा ग घ च, ग घ च अशी येऊ शकतात. कलाटणी नवव्या ओळीच्या आरंभी येते. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार ओळींची तीन चतुष्के आणि शेवटी दोन ओळींची जोडी असते : क ख क ख, ग घ ग घ, च छ च छ, ज ज. इथे कलाटणी बहुधा तेराव्या ओळीत येते, मात्र तिची पहिली चाहूल नवव्या ओळीत लागू शकते.

निवड कशी करावी? कलाटणी एका फटक्यात सांगता येत असेल, म्हणजे ती दोन ओळींत मावणारी आणि वाचणाऱ्याला थबकवणारी असेल, तर शेक्सपिअरचा बंध घ्यावा. कलाटणीनंतर तिचा परिणाम उलगडून सांगायचा असेल, तर सहा ओळींची ऐसपैस जागा देणारा पेट्रार्कचा बंध घ्यावा. आपल्या दिव्याला दोनच ओळी हव्यात. सहा ओळी दिल्या तर तो समजावून सांगावा लागेल. यमकांचाही हिशेब करावा. पेट्रार्कच्या अष्टकात एकेका यमकाचे चार-चार शब्द लागतात, तर शेक्सपिअरच्या बंधात सातही यमकांना दोन-दोन शब्द पुरतात. पहिल्या प्रयत्नाला दुसरा बंध सोपा आहे, असे मी निःशंकपणे सांगेन.

सावधान : श्लोकांच्या सवयीने दोन-दोन ओळींना यमक जुळवत जाण्याचा मोह होतो. त्यातून सात सुटे श्लोक तयार होतात, प्रत्येक श्लोक स्वतःपुरता मिटतो आणि शेवटच्या जोडीचे वेगळेपण उरत नाही. शेवटची जोडी ठसते ती तिच्या आधीच्या बारा ओळींत लगतच्या दोन ओळींना सतत यमक मिळत नाही म्हणून.

३. वृत्त निवडणे आणि कानात मुरवणे

सुनीतात एकच वृत्त पहिल्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत चालते. मराठी सुनीताला लांब ओळीची अक्षरगणवृत्ते, म्हणजे प्रत्येक ओळीत लघू-गुरूंचा एकच ठरलेला क्रम असणारी वृत्ते, सोयीची पडतात, कारण एका ओळीत एक पुरे विधान बसते. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट, आणि यती म्हणजे ओळ म्हणताना घ्यायचा विसावा. ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र पाठ असेल तर खालील गण चटकन उलगडतील : सूत्रात गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्याचा लघू-गुरू क्रम मिळतो; शेवटी येणारे ल आणि ग म्हणजे एकेक सुटा लघू किंवा गुरू. नसेल तर ल आणि गा यांची साखळीच पाठ करावी.

शार्दूलविक्रीडित : १९ अक्षरे, म स ज स त त ग, यती बाराव्या अक्षरावर.
गागागा ललगा लगाल ललगा । गागाल गागाल गा

मंदाक्रांता : १७ अक्षरे, म भ न त त ग ग, यती चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर.
गागागागा । लललललगा । गालगागालगागा

शिखरिणी : १७ अक्षरे, य म न स भ ल ग, यती सहाव्या अक्षरावर.
लगागागागागा । लललललगा गालललगा

पृथ्वी : १७ अक्षरे, ज स ज स य ल ग, यती आठव्या अक्षरावर.
लगालललगालगा । लललगालगागालगा

वृत्ताची निवड विषयाच्या चालीवरून करावी. मंदाक्रांतेची सुरुवात संथ असल्यामुळे आठवण आणि विरह तिच्यात चांगले बसतात. शार्दूलविक्रीडिताला युक्तिवाद मांडता येतो, कारण बारा अक्षरांत म्हणणे मांडून उरलेल्या सातांत ते वळवता येते. आपल्या विषयात तक्रार आणि तिचे उत्तर आहे, म्हणून हेच वृत्त घेऊ.

वृत्त निवडल्यावर लगेच लिहू नये. दोन-तीन दिवस त्याची साखळी मोठ्याने म्हणावी, चालताना म्हणावी. ओळ रचताना बोटांवर मोजावे लागत असेल तर वृत्त अजून कानात मुरलेले नाही. बोटांवरची मोजणी तपासणीसाठी राखून ठेवावी.

४. लघू-गुरू अचूक ओळखणे

सर्वाधिक दोष या टप्प्यावर राहतात, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू. स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू. जोडाक्षरापूर्वीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू, म्हणून ‘शब्द’ हा गा ल आणि ‘सत्य’ हाही गा ल. आघात येत नसेल तर ते लघूच राहते : ‘तुझ्या’, ‘पुन्हा’, ‘तुम्ही’ हे तिन्ही शब्द ल गा आहेत. पुस्तकी नियम यांत्रिकपणे लावून ‘तुझ्या’ला गा गा मानणारे पुष्कळ आहेत, शब्द मोठ्याने उच्चारला की चूक लगेच कळते.

दुसरी चूक बोलण्याच्या सवयीतून येते. बोलताना आपण ‘बोलणे’ या शब्दातला ल जवळजवळ गिळतो, परंतु वृत्तात प्रत्येक अक्षर पूर्ण मोजले जाते. म्हणून ‘बोलणे’ हा गा ल गा, ‘सारखे’ हाही गा ल गा आणि ‘उजळते’ हा ल ल ल गा. बोलीतील उच्चार आणि वृत्तातील उच्चार यांतला हा फरक एकदा कानाला पटला की निम्मे काम झाले.

आता एक ओळ मोजून पाहू.

नाही एक दिलास शब्द अजुनी । ओठांतला मोकळा

ना ही ए : गागागा. क दि ला : ललगा. स श ब्द : लगाल. अ जु नी : ललगा. इथे यती. ओ ठां त : गागाल. ला मो क : गागाल. ळा : गा. एकूण एकोणीस. आता ‘एक’च्या जागी ‘एकही’ घालावेसे वाटेल, कारण गद्यात ते अधिक स्वाभाविक आहे. पण त्यामुळे पाचव्या जागी, जिथे लघू हवा तिथे, ‘ही’ हा गुरू येतो आणि ओळीत एक अक्षर वाढते. अशा वेळी ‘हि’ असे ऱ्हस्व करून वेळ मारून नेऊ नये. तसे केले तरी वाढलेले अक्षर तिथेच राहते.

यतीची तपासणी वेगळी करावी. पुढील ओळ पाहा :

माझे शब्दच वाटती मग निरा । शेच्या नभी सावळे

लघू-गुरूंचा क्रम इथे अगदी बरोबर आहे, तरीही ओळ सदोष आहे. यती ‘निराशेच्या’ या शब्दाच्या मधोमध पडते आणि म्हणताना शब्द दुभंगतो. बारावे अक्षर शब्दाचे शेवटचे अक्षर असलेच पाहिजे.

५. शेवटची जोडी आधी लिहिणे

वृत्त आणि बंध ठरल्यावर पहिली ओळ लिहू नये. तेरावी आणि चौदावी लिहावी. सुनीत जिथे पोचायचे आहे ते ठिकाण पक्के झाले की आधीच्या बारा ओळींना दिशा मिळते. याउलट पहिल्या ओळीपासून लिहीत गेलेल्या माणसाजवळ बाराव्या ओळीनंतर सांगण्यासारखे काही उरलेले नसते, आणि मग शेवटच्या जोडीत ‘प्रेम अमर आहे’ अशा अर्थाचे काहीतरी येते.

पहिल्या टप्प्यातले तिसरे वाक्य घेऊन जोडी अशी होते :

मी शब्दास उगाच शोधत बसे, जो ओढ लावी जिवा;
मी येता विझतो, न तोवर कधी – तो शब्द होता दिवा.

या जोडीत दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. कलाटणी देणारा शब्द अगदी शेवटी ठेवला आहे, त्यामुळे ‘विझतो’ हे क्रियापद वाचताना काय विझते हे कळत नाही आणि उत्तर यमकाच्या जागी मिळते. तसेच ‘दिवा’ हे यमकाचे मुख्य पद मानून ‘जिवा’ हा शब्द त्याच्यासाठी शोधला आहे. जोडीतल्या दोन यमकपदांपैकी अधिक महत्त्वाचे पद दुसऱ्या ओळीत असावे. क्रम उलटा झाला तर दुसरी ओळ केवळ यमकासाठी आली असे वाटते.

६. यमकांचा साठा करणे

शब्द गोळा करण्यापूर्वी वृत्ताच्या शेवटाकडे पाहावे. या एका गोष्टीने पुष्कळ श्रम वाचतात आणि ती फारसे कोणी सांगत नाही. शार्दूलविक्रीडिताची ओळ गा ल गा अशी संपते. म्हणून ‘पाणी–गाणी’ हे यमक कितीही आवडले तरी ते या वृत्तात बसणार नाही. ते गा गा आहे आणि मंदाक्रांतेच्या शेवटी नेमके बसते. शार्दूलविक्रीडिताला ‘मोकळा’, ‘वेगळा’, ‘कोवळा’, ‘सोहळा’ असे गा ल गा शब्द किंवा ‘गळा’, ‘लळा’ असे ल गा शब्द हवेत. ल गा शब्दाच्या आधी गुरू अक्षर आणले की झाले. शिखरिणीचा शेवट ल ल ल गा असल्यामुळे तिला ‘उमलले’, ‘विसरले’ असे शब्द सहज चालतात.

यमक जुळले असे केव्हा म्हणावे? शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, हे दोन्ही सारखे असले पाहिजेत. ‘मोकळा’ आणि ‘गळा’ यांत ‘अ’ नंतर ‘ळा’ येतो, म्हणून यमक शुद्ध. ‘मोकळा’ आणि ‘खुळा’ यांत आधीचा स्वर वेगळा, म्हणून ते लंगडे. ल आणि ळ, न आणि ण यांची सरमिसळ करू नये, कारण मराठी कानाला ती लगेच खटकते.

‘येतो–घेतो’, ‘हसली–रुसली’, ‘मनात–वनात’ ही यमके शुद्ध असतात, पण ती प्रत्ययांवर उभी असतात. मराठीत प्रत्ययांमुळे अशी यमके शेकड्यांनी मिळतात, आणि सहज मिळतात म्हणूनच ती सुनीताला पातळ करतात. सात यमकांपैकी दोनाहून अधिक यमके अशी असू नयेत, असा नियम मी स्वतःसाठी ठेवला आहे. नाम आणि विशेषण, नाम आणि क्रियापद अशा भिन्न जातींच्या शब्दांचे यमक जुळले तर ओळीला अधिक जोर येतो. ‘मला–तुला’ हे प्रेमकवितेतले यमक मात्र पूर्णपणे टाळावे. ते इतके झिजले आहे की दुसरी ओळ वाचण्याआधीच तिचा शेवट कळतो.

७. तीन चतुष्के भरणे

प्रत्येक चतुष्काला एकच काम द्यावे. आपल्या सुनीतात पहिले चतुष्क अबोल्याचे, दुसरे घरी परतण्याच्या वेळेचे आणि तिसरे मनातल्या भांडणाचे. पहिले चतुष्क असे :

नाही एक दिलास शब्द अजुनी ओठांतला मोकळा,
माझे मात्र तुझ्या दिशेस वळते हे बोलणे सारखे;
येते सांज, पुन्हा तसेच घडते, दाटून येतो गळा,
माझे शब्दच वाटती मग मला झाले जसे पारखे.

चारही ओळींत बाराव्या अक्षरानंतर शब्द पूर्ण होतो, आणि ‘सारखे–पारखे’ या यमकात एक शब्द सातत्य सांगतो तर दुसरा दुरावा. यमकातून असा अर्थाचा ताण निर्माण झाला तर उत्तम. प्रत्येक ठिकाणी तो होईलच असे नाही.

दुसऱ्या चतुष्कात शेवटच्या कलाटणीची बीजपेरणी करावी लागते. दिवा चौदाव्या ओळीत पहिल्यांदाच अवतरला तर वाचणाऱ्याला फसवल्यासारखे वाटेल. आधीच उघडपणे सांगितला तर शेवट फुकट जाईल. म्हणून दिव्याचा उजेड दाखवावा आणि दिव्याचे नाव घेऊ नये :

येतो मी उशिरा, तरी उजळते दारातली पायरी

इथे वाचणारा पायरीकडे पाहतो आणि पुढे जातो. चौदाव्या ओळीत त्याला ती पायरी आठवते.

तिसऱ्या चतुष्कात तक्रार सर्वांत तीव्र हवी. अनेक जण इथेच मवाळ होतात, कारण शेवटी समेट होणार हे त्यांना माहीत असते. बाराव्या ओळीपर्यंत बोलणाऱ्याला आपले म्हणणे खरे वाटत असेल, तरच तेरावी ओळ त्याला वळवू शकते.

सावधान : प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम देत जाऊ नये. दोन-तीन ठिकाणी वाक्य पुढच्या ओळीत वाहू द्यावे. मात्र एका चतुष्कातले वाक्य दुसऱ्या चतुष्कात नेण्याचे धाडस पहिल्या सुनीतात करू नये.

८. दुरुस्ती : सवलती मोजून घेणे

पद्यात ऱ्हस्व-दीर्घाची आणि जुन्या रूपांची सवलत असते. वरच्या ओळींत ‘अजुनी’, ‘बसे’, ‘वाटती’ अशी रूपे आली आहेत. ती कानाला परकी वाटत नाहीत, म्हणून ठेवली. पहिल्या ओळीच्या कच्च्या खर्ड्यात ‘दिला कधी मज तुवा’ असे शब्द होते. वृत्तात ते चोख बसत होते, तरी काढून टाकले, कारण बोलणारा माणूस आजचा आहे आणि ‘तुवा’ म्हणताक्षणी तो दुसऱ्याच काळात जातो. सर्व सुनीत एका काळच्या भाषेत असावे. वृत्तासाठी भरीला घातलेले ‘गे’, ‘हो’, ‘जणू’, ‘असे’, ‘सदा’ हे शब्द खुणा करून मोजावेत. चौदा ओळींत तीनपेक्षा अधिक सापडले तर त्या ओळी पुन्हा रचाव्यात.

यानंतर प्रत्येक ओळ गद्याच्या क्रमाने लिहून पाहावी. ‘माझे शब्दच मग मला पारखे झाले जसे वाटती’ असा अन्वय सरळ लागतो. एखाद्या ओळीचा अन्वय लावायला दोनदा थांबावे लागले तर शब्दांची उलथापालथ मर्यादेबाहेर गेली आहे असे समजावे.

९. अखेरची तपासणी

सुनीत दोन दिवस बाजूला ठेवावे आणि नंतर ते दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्यावे. आपण स्वतः वाचतो तेव्हा आपली जीभ चुका सांभाळून घेते; परका वाचक जिथे अडखळतो, तिथे बहुधा लघू-गुरू चुकलेला असतो किंवा यती मोडलेली असते. अडखळण्याच्या जागा त्याला न सांगता टिपून घ्याव्यात. त्यानंतर शेवटची जोडी झाकून पहिल्या बारा ओळी त्याला पुन्हा वाचायला द्याव्यात आणि पुढे काय येईल असे विचारावे. त्याने नेमके सांगितले तर बीजपेरणी फार उघडी झाली आहे. जोडी दाखवल्यावरही तो गोंधळला तर पायरीची ओळ अधिक ठळक करावी.

शीर्षक सर्वांत शेवटी द्यावे आणि ते देताना चौदावी ओळ समोर ठेवावी. या सुनीताला ‘दिवा’ असे नाव दिले तर बारा ओळींचे सगळे लपवणे वाया जाईल. ‘अबोला’ हे नाव वाचणाऱ्याला तक्रारीच्या बाजूला उभे करते, आणि पायरीवरचा उजेड त्याच्या नजरेतून निसटू देते.